‘बदनाम वस्ती’ : पोलिसांची नोंदवही आणि मराठी लेखकाची

मराठी वृत्तपत्रांत काही विशेषणे वस्त्यांच्या नावांना कायमची चिकटून बसली आहेत. ‘बदनाम’, ‘कुख्यात’, ‘गुन्हेगारीचे आगर’. आणि जरा सभ्यपणे बोलायचे असेल तेव्हा ‘संवेदनशील’. ही विशेषणे कोणाच्या वाट्याला येतात हे पाहण्यासाठी मुंबईभर हिंडावे लागत नाही, एकटी वरळी पुरते. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा उधळली गेली, बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. ‘वरळीची दंगल’ म्हटले की आजही डोळ्यांपुढे येतात त्या चाळी, म्हणजे ज्यांनी मार खाल्ला त्यांचा पत्ता. याच वरळीत समुद्राच्या बाजूला १९९२ च्या रोखे घोटाळ्यातला हर्षद मेहता राहत होता. घोटाळा हजारो कोटींचा होता. पण म्हणून त्या बाजूच्या इमारतींना कोणी ‘गुन्हेगारी वस्ती’ म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

साहित्याच्या नियतकालिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. तो माझ्याकडे आला तो साहित्याच्याच वर्गातून. तृतीय वर्षाला दलित साहित्याचा पेपर शिकवत होतो, ‘गोलपिठा’ चालू होता. तास संपल्यावर दोन विद्यार्थी थांबले. पूर्व उपनगरातल्या एका झोपडपट्टीत राहणारा मुलगा म्हणाला, ‘सर, मी नोकरीच्या अर्जावर मावशीच्या इमारतीचा पत्ता लिहितो. आमच्या वस्तीचं नाव वाचलं की मुलाखतीलाच बोलावत नाहीत.’ मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ही वस्ती खरी आहे हे मला कळतं, मी तशाच वस्तीत राहते. पण या वस्तीत बाईनं रात्री संडासला कसं जायचं, ते यात कुठे आहे?’

पहिल्याचे दुःख मला पाठ होते. दुसरीच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. हे दोन प्रश्न एकत्र ठेवूनच ‘बदनाम वस्ती’चा विचार करायला हवा, असे मला वाटते. आमच्या समीक्षेने त्यातला एकच उचलला.

आधी आकड्यांचे पाहू, कारण हल्ली सगळा वाद आकड्यांवर चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जो ‘गुन्ह्यांचा दर’ देतो तो म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. ‘नोंदवलेले’ या शब्दावर बोट ठेवून वाचले पाहिजे. एका प्रथम खबरीत अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. लोकसंख्येचा अंदाज २०११ च्या जनगणनेवरून पुढे ढकललेला असतो, आणि झोपडपट्टीत त्या जनगणनेतही किती माणसे सुटली असतील हे तिथे राहणाऱ्याला विचारावे. शिवाय हा दर शहराचा असतो, वस्तीचा नसतो. महानगर म्हणून ज्या शहरांचे आकडे वेगळे छापले जातात ती वीस लाखांवरची. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर. तेव्हा अमुक वस्तीत गुन्हे जास्त, हे जेव्हा कोणी छातीठोकपणे सांगतो, तेव्हा त्याच्या हातात बहुधा पोलिस ठाण्याचा फलक असतो किंवा नुसतीच ऐकीव भीती. ठाण्याच्या फलकाचीही गंमत आहे. दादरच्या बाजारात रोज लाखो लोक येतात-जातात, त्यांचे खिसे तिथे कापले जातात, आणि चोऱ्या जमा होतात त्या तिथे राहणाऱ्या मूठभरांच्या खात्यावर.

आणि नोंद होते तरी कशाची? आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचा मोबाईल गर्दीत मारला गेला की तो चौकीवर जातो आणि ‘गहाळ’ झाल्याचा दाखला घेऊन परत येतो. चोरी झाली म्हटले तर गुन्हा वाढतो. गहाळ झाला म्हटले की मुलगाच वेंधळा ठरतो. नवऱ्याने डोके फोडलेली बाई गेली तर अदखलपात्र नोंद करून, समजूत घालून घरी पाठवली जाते. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात बजावले. निकाल लागून बारा वर्षे उलटून गेली. चौकीच्या बाकावर बसून पाहावे.

म्हणजे खबर द्यायला गेलेल्यांचे गुन्हे कमी होतात. ज्यांच्यावर आळ येतो त्यांचे मात्र वाढतात. सण, निवडणूक, १४ एप्रिल जवळ आला की वस्तीतली पोरे उचलायची आणि प्रतिबंधक कारवाई म्हणून बाँड लिहून घ्यायचा. त्याला वस्तीच्या भाषेत ‘चॅप्टर’ म्हणतात. आयुक्तालय असलेल्या शहरांत हा बाँड लिहून घेणारा दंडाधिकारीही पोलिस अधिकारीच असतो, ही गोष्ट आमच्या सुशिक्षित मित्रांना ठाऊक नसते, वस्तीतल्या सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. दोन चॅप्टर झाले की पोरगा ‘रेकॉर्डवरचा’ झाला. पुढे परिसरात काही घडले की पहिले दार त्याचे. एकदा तडीपारीची नोटीस लागली की नोकरी गेली, घर सुटले, आणि पोट भरायला उरला तो दादाचा अड्डा. अशा रीतीने नोंदवहीने आधी नाव लिहायचे आणि मग माणसाने त्या नावासारखे व्हायचे.

हे यंत्र नवे नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवला. हजेरी, परवाना, सोलापुरातल्यासारख्या तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे सगळे त्यातून आले. १९५२ साली कायदा रद्द झाला, पण जागा रिकामी राहिली नाही. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे तो १९५९ साली आला. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्यातल्या चोरीच्या शिक्षणाचे फार नवल वाटले. खिसा कापायला शिकवताना पोराला कसे मारतात, याची चर्चा रंगली. पण त्या पुस्तकातले पोलिस वाचा. ते झडती घेतात, मारतात आणि चोरीच्या मालातला हिस्साही घेतात. चोरीचा धंदा ज्यांच्याशिवाय चालणार नाही त्यांच्याच हातात चोरांची यादी आहे, हा ‘उचल्या’चा खरा आशय आहे, आणि आस्वादक समीक्षा तो ओलांडून पुढे गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामाची वाटणी आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणारी कलमे घटनाबाह्य ठरवावी लागली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे ती छापलेली होती. आता उघड जातीचे नाव घ्यायची सोय उरली नाही, तेव्हा शिक्का पत्त्यावर बसतो. माझ्या विद्यार्थ्याने मावशीचा पत्ता लिहिणे आणि बागुलांच्या नायकाने १९६३ साली जात चोरणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता लेखकांकडे वळू. पोलिसांप्रमाणे मराठी लेखकानेही या वस्त्यांची नोंदवही ठेवली आहे. जयवंत दळवींची ‘चक्र’ १९६३ साली आली. लुका, अम्मा, बेनवा ही माणसे मराठी कादंबरीत येणे हे त्या काळात मोठे धाडस होते, ते नाकारण्याचे कारण नाही. १९८१ सालच्या चित्रपटाने तर ती देशभर नेली. पण ‘चक्र’ वाचून संपते तेव्हा वाचकाच्या मनात काय उरते? भूक, वासना, दारू, हाणामारी, रोग, आणि हे असेच चालायचे, ही खात्री. शीर्षकच तसे आहे. चक्राला बाहेरून कोणी फिरवत नाही, ते आपले आपण फिरते. झोपडपट्टी ही निसर्गाची एखादी अवस्था असावी, तशी. गिरणीचा मालक, जमिनीचा मालक, सावकार, पालिका हे या चक्राच्या परिघाबाहेर उभे राहून ते पाहतात आणि वाचकही त्यांच्यातच उभा असतो. कादंबरी मिटून तो आपल्या सुरक्षित घरात परततो. त्याच्या सुरक्षिततेची किंमत कोण मोजतो हे त्याला कादंबरी विचारत नाही.

त्याच वर्षी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. दोन पुस्तकांचे साल एक, शहर एक. बागूल माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेले. त्यांच्याकडेही दादा आहे, वेश्या आहे, भिकारी आहे, रक्त तर दळवींपेक्षा अधिक सांडते. पण बागुलांच्या प्रत्येक हिंसेला मागे जाणारी एक साखळी असते. हाताच्या मागे पोट असते, पोटामागे गेलेले काम, कामामागे मालक, आणि मालकाच्या दारात उभा असलेला शिपाई. ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) मधल्या ‘मैदानातील माणसे’ घ्या. उघड्या मैदानावर थंडीत कुडकुडणारी माणसे. त्यांना धोका कोणाचा आहे? सुऱ्याचा नाही, थंडीचा. आणि थंडीने मेलेला माणूस कोणत्याही गुन्ह्याच्या दरात येत नाही. बागुलांनी या एका गोष्टीने ‘सुरक्षितता’ या शब्दाची पांढरपेशी व्याख्या उधळून लावली. माझ्या मते मराठी कथेतली ही फार मोठी घटना आहे आणि तिची नोंद अजून पुरेशी झालेली नाही. बागुलांची भाषा ‘भडक’ आहे की नाही याच्या वादातच आपण तीस वर्षे घालवली.

दया पवारांचा ‘कावाखाना’ही असाच. ‘बलुतं’ (१९७८) मधली ही जागा नागपाडा-फोरास रोडच्या कुशीतली, म्हणजे पोलिसांच्या लेखी बदनामांतली बदनाम. तिथे पवारांना दिसतात चिंध्या-कागद गोळा करणाऱ्या बायका आणि हमाली करणारे पुरुष. अड्डेही दिसतात, ते लपवत नाहीत. पण कष्ट आणि अड्डा यांचे प्रमाण ते जसेच्या तसे ठेवतात. वस्तीत राहणाऱ्यालाच हे प्रमाण ठाऊक असते. शंभर घरांच्या गल्लीत सुरा बाळगणारी पोरे चार असतात आणि पहाटे कामाला निघणारी माणसे दीडशे, पण वार्ताहर येतो तो चौघांसाठी.

‘गोलपिठा’ १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह निघाला. कवीलाच वाटाड्या करून आपण त्या भागात कसे हिंडलो हे तेंडुलकरांनी तिथे प्रामाणिकपणे सांगितले आहे. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण पुढे एक वाचनपद्धतीच पडून गेली : नामदेव वाटाड्या आणि वाचक प्रवासी. पाहुण्याने रात्रीची वस्ती पाहायची, अंगावर काटा आणून घ्यायचा आणि पहाटे परतायचे. नामदेव ढसाळ कामाठीपुऱ्याच्या आसपास वाढला, त्याने टॅक्सी चालवली. तो तिथला पाहुणा नव्हता. त्याची कविता वस्तीचे दर्शन घडवत नाही, ती वस्तीच्या बाजूने शहरावर खटला भरते. हे ज्यांनी ओळखले ते थोडे. बाकीच्यांनी त्यातले शब्द अर्थासह पाठ केले.

शहर वस्तीला काय करू शकते याचा पुरावा ज्यांना कवितेत नको, त्यांनी घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर आठवावे. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मेली. ते प्रेतांचे दृश्य सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी चौथ्या दिवशी गळफास घेतला. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. तुकडीचा प्रमुख मनोहर कदम याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, आणि थोड्याच काळात तो जामिनावर बाहेर आला. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ने (२०११) ही सगळी कहाणी चौदा वर्षे चिकाटीने चित्रित केली नसती तर विद्यार्थ्यांना दाखवायला आज माझ्याकडे काय असते? त्या वर्षी रमाबाई नगरात सर्वांत जास्त माणसे कोणी मारली याचे उत्तर सरकारी कागदावर आहे. तरी ‘ती वस्ती सुरक्षित आहे का’ असे विचारणाऱ्याच्या मनात अजून वस्तीतलाच कोणी पोरगा असतो.

इथपर्यंतचे विवेचन माझ्या विद्यार्थ्याला पटले. ते आपल्याला पाठ आहे, आणि खरेही आहे. आता मुलीच्या प्रश्नाकडे यायचे तर आपल्याच घरात यावे लागते.

आमच्या समीक्षेने ‘विद्रोह’ हा शब्द इतका सैल सोडला की वस्तीतला प्रत्येक दादा त्यात मावू लागला. व्यवस्थेने त्याला गुन्हेगार केले, इतके म्हणून आम्ही थांबलो. पण हा दादा हप्ता कोणाकडून घेतो? उद्योगपतीकडून नाही. कोपऱ्यावर मेथीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या म्हातारीकडून घेतो. नळावरची रांग तोडतो तो तिच्याच सुनेची. दारूचा अड्डा त्याचा, पिणारा आपला भाऊ, मार खाणारी आपली वहिनी. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली बेकार पोरे टोळ्यांत कशी ओढली गेली हे जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने (१९९७) दाखवले, त्यात त्या पोराची आई आणि बहीणही आहेत, आणि नाटकाचा भार त्यांच्यावर आहे. आम्ही मात्र असे लिहिताना कचरतो. का? शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती. ‘बघा, यांचेच लोक असे आहेत’ असे म्हणायला ते टपलेलेच असतात, हे खरे आहे. या भीतीची मी थट्टा करत नाही. मीही ती बाळगून वर्गात उभा राहतो.

पण बेबीताई कांबळेंनी ती बाळगली नाही. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. महारवाड्यातल्या सुनांचे हाल, सासूचा जाच, नवऱ्याच्या हातून कापली गेलेली नाके, हे सगळे त्यांनी लिहिले. आणि ते लिहूनही एका ओळीत सवर्णांना सुटका दिली नाही. गुलामाला गुलाम कोणी केले आणि त्या गुलामाने घरात आणखी एक गुलाम का केला, हे दोन्ही त्यांनी एकाच पानावर ठेवले. ज्या घरात बसून त्या लिहीत होत्या त्या घरात त्यांना वही वर्षानुवर्षे लपवावी लागली होती. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली आले. शहराच्या हिंसेवर सर्वांत मोठी कविता लिहिणाऱ्याच्या घरातली हिंसा त्यात आहे. चळवळीच्या वर्तुळात ते पुस्तक कसे वाचले गेले? ‘घरातले भांडण चव्हाट्यावर’ म्हणून. ‘गोलपिठा’ आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ ही पुस्तके मी एकाच पेपरात शिकवावीत असे सुचवले तेव्हा कपाळाला आठ्या पडल्या त्या सवर्ण प्राध्यापकांच्या नव्हत्या. नामदेवची कविता त्यामुळे लहान होत नाही. मात्र ती जिथे बोलत नाही ती जागा आपल्याला दिसू लागते, आणि समीक्षेचे काम याहून वेगळे ते काय असते?

बाईच्या बाबतीत पोलिसांचा आकडा आणि आमचे मौन एकमेकांना कसे मिळतात, याचे उदाहरण म्हणून महालक्ष्मीची शक्ती मिल घ्यावी. ऑगस्ट २०१३ मध्ये त्या बंद गिरणीच्या आवारात एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, देशभर गदारोळ उडाला. त्यानंतर, टेलिफोन ऑपरेटरचे काम करणारी एक तरुणी पुढे आली. जुलैच्या शेवटी त्याच आवारात तिच्यावर तसाच अत्याचार झाला होता. मधल्या काळात पोलिसांच्या नोंदवहीत तो गुन्हाच नव्हता. आकड्याने पाहिले तर ते आवार त्या आठवड्यांत सुरक्षित होते. पुढे वार्ताहर आरोपींच्या झोपड्यांत गेले आणि गरिबीची वर्णने छापून आली. कामगारांना हाकलून वर्षानुवर्षे ओस ठेवलेल्या त्या जमिनीबद्दल चार ओळी आल्या, आणि आधी गप्प राहिलेली मुलगी गप्प का राहिली, याबद्दल त्याहून कमी.

मी त्या मुलीला उत्तर दिले नाही, काम दिले. वर्गातल्या सर्वांनी आठ दिवस एक वही ठेवायची : दिवे लागल्यानंतर मी कुठे गेलो, कुठे गेलो नाही, आणि का. मुलांच्या वह्या बहुतेक रिकाम्या आल्या. एकाने लिहिले की न जाण्यासारखी जागाच आठवत नाही. पत्ता बदलणाऱ्या मुलाच्या वहीत मात्र नाकाबंदीत तीनदा थांबवल्याचे होते. मुलींच्या वह्या भरलेल्या होत्या. तिने स्वतः लिहिले होते की सार्वजनिक संडासाजवळचा दिवा चार महिने बंद आहे, म्हणून संध्याकाळी सातनंतर ती आणि आई पाणी पीत नाहीत. दुसरी एक पुनर्वसनाच्या इमारतीत राहायला गेली आहे, सातव्या मजल्यावर. संडास घरात आला, हे तिने आनंदाने नोंदवले होते. पुढे होते : लिफ्ट बंद असते, जिन्यात अंधार आहे, तिथे पोरे बसतात. जुन्या गल्लीत ओरडले तर दहा माणसे धावून येत, इथे सगळ्यांची दारे लागलेली असतात.

या वह्यांत ‘गुन्हा’ म्हणता येईल असे फार थोडे आहे. चौकीत नेल्या तर एकही नोंद होणार नाही. पुढच्या सत्रात या वह्या टेबलावर ठेवून ‘गोलपिठा’ पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्या मुलीने बेबीताईंचे पुस्तक ग्रंथालयातून नेले आहे. अजून परत केलेले नाही.